मुठीतल्या काळ्या रेघा

"ऊन काय मुठीत शिरतं का, डाक्टरसाहेब?"

तिनं नवऱ्याचा तळहात माझ्यासमोर उघडून धरला होता. रेघा शाईनं गिरवल्यासारख्या काळ्या. मी पाहिलं आणि म्हणालो, "शेतातला माणूस आहे, बाई. अशक्तपणानंही काळवंडतो." बाहेर पेशंटांची रांग होती, पण ते कारण नव्हे. तिला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात त्याचा ओठ खाली ओढून हिरड्या पाहून झाल्या असत्या.

2004 सालची गोष्ट. तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस सुरू करून मला 11 वर्षं झाली होती. त्याचं वजन उतरलेलं, उभं राहिलं की घेरी, महिनाभर खोकला. एक्सरेत डाग, थुंकीत क्षयाचे जंतू. निदान हाती लागलं आणि माझं ऐकणं थांबलं. बायको सांगतच होती, हे भाकरीसंगं नुसतं मीठ खात्यात, रात्री उठून बरणीत हात घालत्यात. मी तिला मीठ कमी द्यायला सांगितलं. त्याच केसपेपरवर माझ्याच अक्षरात बीपी लिहिलेलं होतं: 90/60.

क्षय मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथीही पोखरतो. त्यांच्यातून येणारं कॉर्टिसोल कमी पडलं की मेंदूच्या बुडाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी अधिकाधिक एसीटीएच सोडते आणि त्यानं कातडी काळवंडते, ऊन न लागणाऱ्या जागीसुद्धा. अॅड्रिनलचंच अल्डोस्टेरॉन घटलं की अंगातलं मीठ लघवीवाटे निघून जातं. त्याचं शरीर मीठ मागत होतं, आणि मी ते तोडलं. लंडनच्या टॉमस अॅडिसननं या आजाराचं वर्णन 1855 साली लिहून ठेवलं आहे. एमबीबीएसला मी ते पाठ केलं होतं.

मी एकेटी सुरू केली. क्षयासाठी ती हवीच होती. पण तिच्यातलं रिफाम्पिसिन यकृताला कॉर्टिसोल भराभर मोडायला लावतं, आणि त्याच्या ग्रंथींत ती तूट भरून काढण्याची ताकद उरली नव्हती. बाराव्या दिवशी उलट्यांचा निरोप आला. गोळ्या सोसत नसतील असं धरून मी उलटीचं औषध पाठवलं. त्याला बोलावून पाहिलं नाही. चौदाव्या दिवशी जीपमधून आणला तेव्हा मनगटाला नाडी लागत नव्हती. सलाईन, डोपामिन, काही केल्या बीपी वर येईना.

जिल्ह्याच्या गावी माझ्याहून पुष्कळ लहान असलेल्या फिजिशियननं आधी तळहात पाहिले, मग हिरड्या. सोडियम 116, पोटॅशियम 6.2. कॉर्टिसोलसाठी रक्त काढून ठेवलं आणि रिपोर्टची वाट न पाहता शिरेतून 100 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दिलं. दुसऱ्या सकाळी पेशंटनं उठून बसून चहा मागितला. आयसीयूचं बिल भागवायला बैलजोडी विकावी लागली. त्या वर्षीची पेरणी त्यांनी भावकीच्या बैलांवर केली, तीही उशिरा.

तो घरी आल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. तुमचं बरोबर होतं, मी ऐकलं नाही, असं तिला सांगितलं. ती काही बोलली नाही. मग कॉर्टिसोलची तूट भरणाऱ्या गोळ्या समजावल्या: रोज घ्यायच्या, कधीच बंद करायच्या नाहीत, रिफाम्पिसिन चालू आहे तोवर डोस जास्त, ताप आला तर दुप्पट, उलटी झाली तर इंजेक्शनसाठी थेट दवाखाना. तिनं सगळं पुन्हा म्हणून दाखवलं. मग विचारलं, "आन् मीठ? खाऊ देऊ न्हवं?"