भूगर्भातला फलाट

न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समधील आमच्या स्थानकाला दोन मजले असून दोहोंची प्रकृती अगदी भिन्न आहे. वर, रस्त्याच्या माथ्यावरून, पोलादी खांबांच्या आधाराने सात क्रमांकाची गाडी उन्हापावसातून धडधडत जाते. खाली, भूगर्भात, मॅनहॅटनकडे निघालेल्या जलद व धिम्या गाड्या एकाच फलाटाच्या दोन कडांना येऊन टेकतात. साड्यांची दुकाने, मिठाईचा दरवळ आणि एखाद्या वेळी गर्दीतून अवचित कानी पडणारे मराठी वाक्य मागे टाकून मी रोज सकाळी जिना उतरतो, आणि त्या दिवसाचे माझे प्राक्तन पुष्कळदा शेवटच्या चार पायऱ्यांवरच ठरते. जलद गाडी उघड्या दारांनी उभी दिसते, मी धावतो, आणि हातभर अंतरावर दारे मिटतात. काचेपलीकडचा उतारू माझ्याकडे पाहून किंचित मान हलवतो, आणि त्या अनोळखी सहानुभूतीने चुकामुकीची रुखरुख खरोखरच निम्मी होते.

जलद गाड्यांना स्वतंत्र रूळ देण्याची दूरदृष्टी इथल्या भुयारी रेल्वेने २७ ऑक्टोबर १९०४ रोजी, पहिला मार्ग खुला झाला तेव्हाच दाखवली होती. पाच सेंटचे मुक्रर भाडे १९४८ पर्यंत कायम राहिले. रात्रंदिवस गाड्या चालवण्याचा शिरस्ता तर आजही टिकून आहे. महामारीच्या काळात, २०२० च्या मे महिन्यापासून वर्षभर, पहाटेचे काही तास तेवढा तो खंडित झाला, आणि त्या रात्री शहराचा श्वासच अडकल्यासारखा वाटे.

ऑगस्टात फलाट भट्टीसारखा तापतो, कारण डबे थंड राखणारी यंत्रे आतली उष्णता बाहेर बोगद्यातच सोडतात. दारातून आत पाऊल टाकावे तो अंगावर शहारा येतो. एकदा अशाच दिवशी नदीखालच्या बोगद्यात गाडी थबकली. पुढच्या स्थानकात कुणाची प्रकृती बिघडल्याची वर्दी आली आणि इतका वेळ घड्याळाकडे पाहणारा सारा डबा निमूट झाला. समोरच्या वृद्धेने जपमाळ काढली, तिच्या शेजारच्या, चुन्याने माखलेल्या बुटांच्या मजुराने आपली पिशवी मांडीवर घेऊन तिला ऐसपैस जागा करून दिली, आणि वीस मिनिटांत एकाही तोंडून तक्रारीचा शब्द निघाला नाही.

परंतु या प्रवासात मला सर्वांत जिव्हाळ्याची वाटते ती एक लहानशी हालचाल. आपल्याकडे गार्ड गाडीच्या शेवटी असतो. इथला कंडक्टर गाडीच्या मध्यभागी बसतो, आणि फलाटाच्या मधोमध त्याच्यासाठी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक फळी टांगलेली असते. गाडी थांबली, की खिडकी उघडून तो त्या फळीकडे बोट दाखवतो. फळी समोर आली म्हणजे गाडी पुरती फलाटाला लागली, शेवटच्या डब्यातल्या कुणाचेही पाऊल अंधारात पडणार नाही, अशी खात्री झाल्यावरच तो दारे उघडतो. हे बोट प्रत्येक स्थानकात, प्रत्येक गाडीत, इमानेइतबारे उठते.

परवा रात्री दोनच्या सुमारास लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूच्या खोल फलाटावर मी एकटाच त्या फळीखाली उभा होतो. गाडी आली, तिचे दिसतील तेवढे डबे रितेच होते. कंडक्टरने खिडकी खाली केली, फळीकडे निरखून पाहिले, बोट उचलले, क्षणभर तसेच रोखून धरले, आणि मग दारे उघडली.