वाकावं कुठं?

‘मोडेन पण वाकणार नाही’ हे वाक्य ज्यानं प्रथम उच्चारलं, त्यानं जन्मात कधी मासे पकडायचा रॉड हाती धरला नसावा. कारण रॉडची सगळी अब्रू तो कुठं वाकतो यावरच असते.

हे ज्ञान आमच्या साडूंचं. ते अलिबागचे. ते खाडीवर गरवायला जातात आणि मी डबा सांभाळायला जातो. एक काठी, एक दोरा आणि भरपूर शिल्लक रजा एवढ्यावर मासे मिळतात, अशी माझी समजूत. साडूंकडे मात्र तीन रॉड! कॉमर्सच्या माणसाला हा सरळसरळ डेड स्टॉक वाटणार. तसं म्हटल्यावर साडूंनी माझा वर्गच घेतला.

‘फास्ट ॲक्शन’चा रॉड टोकाकडे तेवढा वाकतो, ‘मॉडरेट’ निम्म्यापर्यंत आणि ‘स्लो’ थेट मुठीपर्यंत. आमच्या शाखेत हे तिन्ही नमुने आहेत. फाटकी नोट पुढे केली की कॅशियरची फक्त मान हलते. साहेब दिसले की हेडक्लार्क कमरेत वाकतात. आणि रीजनल ऑफिसचा फोन आला की खुद्द साहेब मुठीपर्यंत, तेही फोनवर!

“पण मग चांगला कुठला?” मी विचारलं.

“आमिष कुठलं ते आधी सांगा,” साडू म्हणाले. जिग किंवा रबरी मासोळी असेल तर गळ एकच आणि जाड. तळाशी टिचकीएवढी चाहूल लागली की लगेच हिसका द्यायचा, तिथं फास्ट. क्रँकबेटला पोटाखाली बारीक तिहेरी गळ. मासा धावत येऊन आपणच अडकतो; तिथं हिसका दिला तर तोंड फाटून सुटतो. म्हणून मॉडरेट, जरा दमानं घेणारा. बारीक दोरा, चिमुकला स्पिनर असेल तर स्लो. विणलेला दोरा वापरलात तर तो मुळीच ताणत नाही. सगळा धक्का रॉडनंच सोसायचा.

“आणि वाकतो तो दुबळा समजू नका. ॲक्शन म्हणजे कुठं वाकतो. वाकवायला जोर किती लागतो, ती पॉवर. ती निराळी.”

आमच्या घरी सध्या दोन विणलेले दोरे आहेत. कन्या बारावी सायन्सला. तिला रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात जायचंय. आणि तिचे आजोबा, म्हणजे आमचे दादा, ‘मोडेन पण’च्या घराण्यातले. नातीनं बँकेतच चिकटावं, हा त्यांचा हट्ट. दोघंही सूतभर ताणत नाहीत. आठवडाभर एकमेकांशी अबोला, आणि दोघांचेही निरोप माझ्यामार्फत.

परवा दादा कडाडले, “तू बाप आहेस ना? एकदाच काय ते ठणकावून सांग तिला!”

म्हणजे हिसका. पण इथं गळ तिहेरी होता. मी निम्म्यापर्यंत वाकलो. प्रवेशाच्या फॉर्मचे पैसे भरले आणि दादांना म्हटलं, “दादा, बँकेच्या परीक्षेला पदवी कुठलीही चालते. मासळीचीसुद्धा.”

दादांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग आत पाहून हाक मारली, “काय गं, त्या रत्नागिरीला होस्टेल तरी बरं आहे का?”