दोन राजधान्यांचा जमाखर्च

पत्र पहिले

मुक्काम दिल्ली, शुक्रवार, रात्रौ

तीर्थरूप दादांस,

कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

सातारा स्थानकाच्या फलाटावर आपण व आईने निरोप दिला, त्याला दोन दिवसही झाले नाहीत, तरी घर सोडून महिना लोटला असावा एवढा मुलूख मागे पडला आहे. आज सकाळी गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीनला उतरलो. मंडळी सुखरूप आहेत. मुलांच्या दिवाळीच्या सुट्टीतले नऊ दिवस आणि तीस हजार रुपये एवढ्या भांडवलावर दिल्ली व कलकत्ता ही दोन्ही शहरे पाहण्याचा बेत मी आपल्यापुढे ठेवला, तेव्हा जिल्हा न्यायालयात उभी हयात नाझरकी केलेल्या आपल्या नजरेला त्यातली ओढाताण तत्काळ दिसली आणि 'एकच शहर नीट पाहा' असा अभिप्राय आपण दिलात. तो मी डावलला, ही गोष्ट मनाला लागून राहिली आहे. म्हणून केलेली तजवीज तपशीलवार कळवितो.

गेल्या वाटेने न परतता सातारा, दिल्ली, हावडा आणि पुणे असा त्रिकोण आखला, त्यामुळे एकच वाट दोनदा तुडविण्याचे कारण उरले नाही. नऊ रात्रींपैकी चार रात्री गाडीत जाणार, म्हणून खोलीभाडे पाचच रात्रींचे पडेल. लाल किल्ला, तसेच कलकत्त्याचे व्हिक्टोरिया स्मारक आणि भारतीय संग्रहालय ही सोमवारी बंद असतात, तेव्हा सबंध सोमवार आम्ही दोन शहरांमधल्या प्रवासालाच देऊन टाकला आहे. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट पडत नाही, आणि मेट्रोने शहर स्वस्तात पालथे घालता येते. आपल्या शिस्तीप्रमाणे खर्चाच्या दोन वह्या घातल्या आहेत, एक हिच्याकडे व एक थोरल्याकडे. रोज निजण्यापूर्वी दोहोंची रुजवात होते.

पहिला दिवस मात्र माझ्या हावेमुळे थोडा बिघडला. सकाळी हुमायूनची कबर पाहिली, दुपारी कुतुबमिनार गाठला. तेथील सोळाशे वर्षांचा लोहस्तंभ उन्हापावसात उभा राहूनही गंजलेला नाही, हे थोरला कुंपणाभोवती फिरून फिरून पाहत होता, आणि त्याला तसाच पाहू द्यायचे सोडून मी सर्वांना तिसऱ्या ठिकाणी ओढीत नेले. इंडिया गेटपाशी पोहोचेपर्यंत धाकटी माझ्या खांद्यावर झोपी गेली होती. वेळ अपुरा आहे म्हणून दिवसात अधिक कोंबू नये, उलट थोडेच घ्यावे, असे हिने रात्री शांतपणे सांगितले. ते मला पटले. उद्यापासून दिवसाला दोनच ठिकाणे.

पत्र दुसरे

मुक्काम दिल्ली, रविवार, दोन प्रहर

तीर्थरूप दादांस, सा. न. वि. वि.

काल लाल किल्ल्यात दिवाण-इ-खासापुढे बराच वेळ उभे होतो. संगमरवरी खांबांवरची नाजूक वेलबुट्टी पाहता पाहता दृष्टी वर गेली की रंगविलेले लाकडी छत दिसते. मूळचे छत रुप्याने मढविलेले होते, आणि 1760 साली, पानिपताच्या काही महिने आधी, सैन्याचा खर्च भागेना म्हणून सदाशिवरावभाऊंनी ते रुपे उतरवून त्याची नाणी पाडविली. शाळेत हा प्रसंग मी वाचला होता; परंतु ज्या छताचे रुपे गेले त्याच्याखाली आपली मुले घेऊन उभे राहिल्यावर तो पुस्तकातला राहत नाही. भाऊंची निकड खरी होती, आणि ओरबाडलेले छतही खरेच होते. मुलांना मी दोन्ही सांगितले.

आज सकाळी बंगला साहिब गुरुद्वाऱ्यात गेलो. हा बंगला मूळचा मिर्झाराजे जयसिंगांचा, म्हणजे ज्यांच्याशी महाराजांनी पुरंदरचा तह केला त्यांचा. त्या तहाच्या आदल्याच वर्षी, 1664 मध्ये, गुरू हरकिशन येथे उतरले होते, आणि देवीची साथ आलेली असता रुग्णांची सेवा करता करता त्या बालगुरूंनी याच नगरीत देह ठेवला. आत कीर्तन चालले होते. गुरू ग्रंथ साहिबात आपल्या नामदेवरायांची एकसष्ट पदे आहेत, हे ठाऊक असल्यामुळे की काय, शब्द कळत नसतानाही तो दरबार परका वाटला नाही.

पुढे लंगरात पंगतीला बसलो. वाढणारे वयस्क सरदारजी पोळी घेऊन धाकटीपुढे आले, तेव्हा तिने सवयीने एक हात पुढे केला. ते काही बोलले नाहीत, रागावलेही नाहीत; वाकून तसेच थांबले. तिने शेजारच्या बाईंकडे पाहिले, दुसरा हात पहिल्याला जोडला, आणि मगच ती ऊन पोळी तिच्या ओंजळीत पडली. जेवण होताच थोरला आपण होऊन ताटे घासायला जाऊन बसला. आज सायंकाळी कूच आहे.

पत्र तिसरे

गाडीत, गयेच्या पुढे, सोमवार

तीर्थरूप दादांस, सा. न. वि. वि.

गाडी हलते आहे, म्हणून अक्षर वेडेवाकडे येते, क्षमा असावी. सकाळी डेहरीपाशी शोण ओलांडला. आपल्याकडे बहुतेक प्रवाह नद्या, हा मात्र नद. आणि त्याचे पात्र एवढे विस्तीर्ण की 1900 साली बांधलेला येथील पूल तीन किलोमीटरांहून लांब आहे. वाळू, पाण्याची एखादी धार, पुन्हा वाळू, असे कितीतरी वेळ खाली सरकत होते, आणि मुले खिडकीच्या गजांना नाक लावून गप्प बसली होती. गया आली तेव्हा फलाटावर उतरून आजोबांचे स्मरण केले, आणि एकदा आपल्याला घेऊन येथे यावे असा संकल्प सोडला.

हा मधला दिवस फुकट जाणार असे मला वाटले होते, पण सबंध सहलीत मन निवांत असे आजच झाले. 12 डिसेंबर 1911 रोजी दिल्ली दरबारात पंचम जॉर्ज बादशहाने घोषणा केली आणि राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला निघाली. आम्ही तेच अंतर कापीत उलट दिशेने, आजच्या राजधानीकडून कालच्या राजधानीकडे चाललो आहोत. विमानाने हे अंतर दोन तासांत कापले असते, परंतु मग गव्हाचा मुलूख मागे पडून भाताची खाचरे कोठे सुरू झाली, आणि चहावाल्याची बोली कोणत्या स्थानकावर बदलली, हे कळले नसते.

पत्र चौथे

मुक्काम कलकत्ता, गुरुवार, सकाळ

तीर्थरूप दादांस, सा. न. वि. वि.

आज रात्री आझाद हिंद एक्स्प्रेसने निघून परवा सकाळी पुण्यास पोहोचू. हे पत्र आमच्या मागून येईल, तरीही लिहितो, कारण काही गोष्टी समोरासमोर सांगताना राहून जातात.

हावड्याचा पूल पायी ओलांडला. 1943 साली वाहतुकीला खुला झालेला हा साडेसव्वीस हजार टन पोलादाचा प्रचंड सांगाडा रिव्हेट ठोकून जोडलेला आहे, त्यात नटबोल्ट नाहीत, हे ऐकून थोरल्याने प्रत्येक खांब हाताने चाचपला. पुलाखालच्या फुलबाजारात झेंडूच्या माळांचे भारे डोक्यावर घेऊन माणसे धावत होती, आणि खालची वाट पाकळ्यांच्या चिखलाने केशरी झाली होती. परतताना हुगळीच्या पात्राखालून जाणाऱ्या मेट्रोत बसलो. वरची ती अथांग नदी खालून पाऊण मिनिटात संपते. देशातली पहिली मेट्रो याच शहरात 1984 साली सुरू झाली.

परंतु मला सांगायचे आहे ते बागबाजारातील एका गल्लीविषयी. तिचे नाव 'मराठा डिच लेन'. नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर चालून आली, तेव्हा त्या धास्तीने 1742 साली कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. तो पुरा झाला नाही आणि मराठे तेथवर आलेही नाहीत. पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. नावाची पाटी वाचत उभे होतो, तेव्हा ओट्यावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी हिंदीतून आमचे गाव विचारले आणि सांगितले की त्यांची आई त्यांना 'बर्गी' आल्याचे अंगाईगीत म्हणून निजवीत असे. बर्गी म्हणजे आपला बारगीर, ज्याला घोडा व हत्यार सरकारातून मिळे तो स्वार. आणि सारा कशाने भरावा या विवंचनेचा त्या गीतातला 'खाजना' हा शब्दही आपल्या खजिन्याचाच सोयरा. धाकटीने विचारले, "ते आपलेच लोक होते का?" मी म्हणालो, होय. त्या गृहस्थांच्या मुद्रेवर रोष नव्हता, म्हणूनच ते उत्तर देणे जड गेले.

तेथून जोडासांकोला ठाकुरांच्या वाड्यात गेलो. रवींद्रनाथांचे वडील बंधू सत्येंद्रनाथ हे सनदी सेवेत प्रविष्ट झालेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची नोकरी आपल्या मुंबई इलाख्यात झाली, आणि 1897 मध्ये साताऱ्याचे न्यायाधीश असताना ते निवृत्त झाले. आपण ज्या न्यायासनाची नाझरकी केलीत, त्यावर या घरातला पुरुष बसून गेला होता, आणि त्याने तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. त्या लांब व्हरांड्यात उभे असताना मला आपली फार आठवण झाली.

दादा, आपण नेहमी म्हणता की एका वहीची रुजवात होत नाही, ताडून पाहायला दुसरी वही लागते. दिल्लीत रुप्याचे छत आणि नामदेवांची पदे एकाच नगरीत भेटली, तेव्हा मला तो योगायोग वाटला होता. कलकत्त्यात बर्गींचे भय आणि तुकोबांचे अभंग पुन्हा तसेच शेजारीशेजारी निघाले, तेव्हा दोन वह्या जुळल्या. आपल्या लोकांनी परमुलखातून काय आणले आणि तेथे काय पोहोचविले, ही दोन्ही कलमे मुलांनी कळत्या वयात पाहिली, एवढ्यासाठी तरी दोन शहरांचा हट्ट सार्थकी लागला असे मानतो. कुतुबापाशी आणि संग्रहालयात पाहायचे पुष्कळ राहिले. त्याची खंत आहे.

तीस हजारांतले दोन हजार एकशेचाळीस शिल्लक आहेत. हिशेबात एकच तफावत आहे: रविवारच्या तारखेला थोरल्याच्या वहीत 'लंगर, चौघांचे जेवण' अशी ओळ असून रकमेची जागा कोरी आहे, आणि हिच्या वहीत ती ओळच नाही. ती खोडू नये, असे तो म्हणतो. आम्ही पोहोचलो की आपण दोन्ही वह्या पाहाव्यात आणि ते कलम कोणत्या बाजूला धरावयाचे ते त्याला आपल्या हाताने लिहून द्यावे.

ती. आईस साष्टांग नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
चिरंजीव