पहिली नस

मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात. वास, दृष्टी, डोळ्यांच्या हालचाली, चेहऱ्यावरचा स्पर्श, हसू, ऐकणं, गिळणं, जीभ, सगळं त्यांच्या हाती. त्या तपासायला मोठं यंत्र लागत नाही. टॉर्च, कापसाचा बोळा, ट्यूनिंग फोर्क आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे नीट बघायची सवय, एवढं पुरतं. नागपूरला शिकताना आम्ही मैत्रिणी एकमेकींवर सराव करायचो. दिल्लीत आल्यावर सूचना तेवढ्या हिंदीत द्यायला लागले. "सिर मत हिलाइए, मेरी उँगली देखिए. भौंहें ऊपर. दाँत दिखाइए. जीभ बाहर."

एवढ्याशा सूचनांतून किती कळतं, याचं मला अजून नवल वाटतं. थंडीत एखादा तरुण स्कूटरवरून येतो, घाबरून म्हणतो, "लकवा मार गया." तोंड एका बाजूला ओढलेलं असतं. मी त्याला कपाळावर आठ्या घालायला सांगते. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळतो, त्यामुळे पक्षाघातात आठ्या बहुधा शाबूत राहतात. याच्या मात्र एका बाजूला आठी उमटत नाही, त्या बाजूचा डोळा मिटत नाही, मिटायला गेला की बुबुळ वर सरकतं. म्हणजे दोष बहुधा मेंदूत नाही, चेहऱ्याकडे येणाऱ्या सातव्या नसेत आहे. चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यविशारदाचं नाव या आजाराला मिळालंय. बहुतेक रोगी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतात. हे सांगितलं की त्याचा अर्धा चेहरा हसतो.

केसपेपरवर मात्र सातवी नस सातव्या ओळीत येते. पहिली ओळ पहिल्या नसेची, म्हणजे वासाची. ती तपासायची तर डोळे मिटायला सांगून, एक नाकपुडी बंद करून, दुसरीशी ओळखीचा वास धरायचा. कॉफी, लवंग, हिंग, काहीही चालतं. अमोनिया चालत नाही, कारण तो नाकात झोंबतो आणि झोंबणं पाचवी नस वाहून नेते. वास अजिबात न येणारा माणूसही त्याने मान मागे घेतो. हे सगळं मला पाठ होतं. पण बाहेर रांग लागलेली असताना लवंग शोधत कोण बसणार? मी 'पहिली : नॉर्मल' असं लिहून दुसरीकडे वळायचे. वर्षानुवर्षं, न तपासता.

आई गेल्यावर, २०१९ मध्ये, बाबा नागपूरहून माझ्याकडे नोएडाला राहायला आले. निवृत्त गणित शिक्षक. टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडायचे, हिशोबात एक रुपया चुकला तरी घर डोक्यावर घ्यायचे. पहिल्याच हिवाळ्यात म्हणाले, "अगं, तुमच्या दिल्लीत कशालाच वास नाही." मी म्हटलं, "हवा खराब आहे बाबा. सगळ्यांचीच नाकं चोंदतात."

एप्रिल २०२१ मध्ये आम्हा दोघांनाही कोविड झाला. दोघांचाही वास गेला. माझा तीन आठवड्यांत परतला. बाबा जेवताना विचारायचे, "वरणात हिंग घातला नाहीस का?" "घातलाय बाबा. येईल हळूहळू वास."

त्याच दिवसांत दिल्लीत म्युकरमायकोसिस पसरला. मधुमेह आणि स्टिरॉइड या जोडीचा फायदा घेणारी ती बुरशी नाकात शिरून सायनसमधून डोळ्यामागे जायची. तिथे दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी आणि सहावी नस जवळजवळ असतात. अँफोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक शहरभर हिंडत होते. मे अखेरीस दिल्ली सरकारने तिला साथरोग कायद्याखाली आणलं. मी रात्री उशिरापर्यंत कोविडमधून उठलेल्यांना फोनवर विचारायचे, "एकाचे दोन दिसतात का? पापणी खाली आलीय का? गाल बधिर आहे का?" दुसरीपासून सहावीपर्यंतच्या नसा मी अनोळखी माणसांच्या, फोनवरूनही, तपासत होते. वास गेलाय का, हे कुणाला विचारतच नव्हते. तो तर सगळ्यांचाच गेला होता.

पुढे बाबांची हिंगाची तक्रार थांबली. बातम्यांशी भांडणंही थांबली. वयाने माणूस निवतो, असं मी धरलं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये एका संध्याकाळी ड्यूटीवरून आले, तर लिफ्टबाहेरच करपल्याचा वास आला. घरात धूर. गॅसवर दुधाचं पातेलं काळं पडलेलं. बाबा पाच पावलांवर, जेवणाच्या टेबलाशी शांत बसलेले.

"बाबा, दूध!"

"बरं," ते म्हणाले, आणि बसूनच राहिले.

त्या 'बरं'ने मी दुधापेक्षा जास्त घाबरले. खिडक्या उघडल्या. धूर पुरता गेल्यावर फडताळातून हिंगाची डबी काढली. बाबांना डोळे मिटायला सांगितले. उजव्या नाकपुडीशी डबी धरली. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "काहीतरी आहे. हिंग?" मग डावीशी धरली. मी थांबले. अजून थांबले.

"डबी रिकामी आहे का गं?"

दोन दिवसांनी एमआरआय झाला. नाकाच्या मुळाच्या वर, मेंदूच्या पुढच्या भागाखाली लिंबाएवढी गाठ होती. मेनिंजिओमा. मेंदूच्या आवरणातून उगवणारी, बहुतेकदा कर्करोग नसलेली, सावकाश वाढणारी. आधी वासाची नस दाबते, मग माणसाचा स्वभाव बदलायला लागते. किती वर्षं वाढत होती, हे शल्यविशारद सांगू शकले नाहीत. मला मात्र तो पहिला हिवाळा आठवत राहिला. प्रदूषण, कोविड, वय. तिन्ही कारणं खरी वाटण्याजोगी होती, आणि तिन्ही मीच पुरवली होती.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. चार महिन्यांनी बाबांनी दूधवाल्याच्या हिशोबातली सात रुपयांची चूक काढली आणि त्याच्याशी जोरात भांडले. मी आत जाऊन रडले. वास परतला नाही, दोन्ही बाजूंचा गेला. आम्ही घरात गॅसचा अलार्म बसवला. दूध मीच तापवते. जेवताना ते विचारतात, "हिंग घातलास ना?" मी "घातला" म्हणते आणि ते माझ्यावर विश्वास ठेवून जेवतात.

आता माझ्या एप्रनच्या खिशात टॉर्चशेजारी हिंगाची छोटी डबी असते. कपड्यांना वास लागतो, सहकारी हसतात. तरी गर्दीत कधीकधी वेळ मिळत नाही. तेव्हा पहिल्या ओळीत 'तपासली नाही' असं लिहिते.