बिट दुप्पट, प्रोग्राम गप्प

तांत्रिक शब्द टाळून लिहा, अशी संपादकांची अट आहे. चिंचणीत राहून बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीतले संगणक सांभाळणाऱ्याला ही अट दोन परिच्छेदांपलीकडे झेपणार नाही, हे आधीच सांगतो.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि कारखान्यांत नवे संगणक आले. एका स्टोअरमध्ये डॉसवरचा, फॉक्सप्रोत लिहिलेला मालसाठ्याचा प्रोग्राम होता. नव्या, ६४ बिटच्या मशीनवर तो उघडेना. शेठ वैतागले, ‘‘डबल बिटचं मशीन घेतलं ना? मग जुनं का चालत नाही?’’

६४ बिट म्हणजे दुप्पट वेग, हा गैरसमज विक्रेत्यांनीच जोपासलाय. प्रोसेसर एका दमात केवढा आकडा हाताळतो आणि मेमरीतल्या किती जागांना पत्ते देतो, याचं ते माप. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ पत्ते बसतात, म्हणजे ४ जीबी. (पीएई नावाची पळवाट आहे, पण तिकडे वळलो तर संपादक कात्री लावतील.)

आता माझा आवडता वाद. ६४ बिटच्या विंडोजवर डॉसचे आणि १६ बिटचे प्रोग्राम चालतच नाहीत. जुनं विसरलं कोण, प्रोसेसर की विंडोज? इंटेलचा २००१चा ६४ बिटचा इटेनियम प्रोसेसर जुने प्रोग्राम रडतखडत चालवायचा. एएमडीने २००३मध्ये ऑप्टेरॉन आणला, त्यावर ३२ बिटचे प्रोग्राम सुखाने चालले. पुढे इंटेललाही तीच वाट धरावी लागली. मात्र प्रोसेसर ६४ बिटच्या मोडमध्ये गेला की ‘व्हर्च्युअल ८०८६’ ही सोय बंद पडते, आणि विंडोजमधलं डॉस तिच्याच जिवावर चालायचं. इथवर मायक्रोसॉफ्टची बाजू खरी. पण विंडोज ३.१च्या काळातल्या १६ बिट प्रोग्रामांना प्रोसेसर आजही नाही म्हणत नाही. लिनक्सवर वाइन नावाचं सॉफ्टवेअर ते चालवून दाखवतं. आणि डॉसचं म्हणाल, तर आल्फा आणि मिप्स या वेगळ्या प्रोसेसरांसाठीच्या विंडोज एनटीच्या आवृत्त्यांत याच कंपनीने डॉसची नक्कल सॉफ्टवेअरने वठवली होती. जमत नव्हतं असं नाही, करायचं नव्हतं. हे मी कुठल्याही लग्नाच्या पंगतीत सांगतो आणि शेजारचा जिलेबी वाढून घ्यायला उठतो.

उपाय व्हर्च्युअल मशीनचा : नव्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने रचलेला दुसरा संगणक, त्यात ३२ बिटची विंडोज एक्सपी. असं मशीन रचणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सला २०१९च्या ६.१ आवृत्तीपासून प्रोसेसरची व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही सोय लागतेच, आणि ती बायोसमध्ये कधी कधी बंद ठेवलेली असते. ती चालू केली, फॉक्सप्रो उघडलं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर शेअर करून एलपीटी-१ त्याच्याकडे वळवला, चलनंही निघाली.

अडलं ते कारखान्याच्या लॅबमध्ये. तिथलं यंत्र संगणकात बसवलेल्या कार्डावरून बोलतं. कार्डाचा ड्रायव्हर ३२ बिटचा. ६४ बिटच्या विंडोजला ६४ बिटचाच लागतो, आणि बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. व्हर्च्युअल मशीनला तर ते कार्ड दिसतच नाही. प्रोग्राम वाचवता येतो, लोखंड नाही. तो जुना संगणक अजून चालू आहे, आणि रात्री तिथून फोन आला की मी आधी तोच गेला असं धरतो.

तेव्हा जुनं मशीन भंगारात देण्याआधी त्याच्या डिस्कची संपूर्ण इमेज काढून ठेवा. मागच्या बाजूला कुठलं कार्ड, कुठली केबल आहे, त्याचे फोटो काढा आणि नवं मशीन घेताना ते दाखवा. आणि व्हर्च्युअल मशीनमधल्या एक्सपीला इंटरनेट जोडू नका. तिला सुरक्षेचे अपडेट मिळणं ८ एप्रिल २०१४लाच थांबलं आहे.