धापेस अनावृत पत्र

धापे,

तुला पत्र लिहावं अशी तुझी कीर्ती नाही, तरी लिहितो. कारण लोक तुला ओळखतात ते फार उशिरा. जिन्यात भेटलीस की ‘वय झालं’. चुलीच्या धुरात हयात गेलेल्या बाईला गाठलंस की ‘वजन वाढलंय’. विडी ओढणाऱ्याला तर सहानुभूतीही मिळत नाही.

घरचे बोटाला ऑक्सिमीटर लावतात. आकडा ९५ दिसला की निकाल लागतो : ‘उगाच घाबरतेस.’ पण तो आकडा रक्तातल्या ऑक्सिजनचा, तुझा नव्हे. सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजारात श्वासनलिका अरुंद होतात आणि घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. चालताना श्वास भरभर होतो, सोडायला वेळ आणखी कमी उरतो आणि हवा छातीत साठत जाते. फुगलेल्या फुप्फुसांखाली श्वासपटल सपाट होतं, त्याचा जोर कमी पडतो. मेंदू मागतो तेवढी हवा छातीला ओढता येत नाही. ‘श्वास आत जात नाही’ असं रुग्ण म्हणतो, तेव्हा बहुधा आधीचाच श्वास पुरता बाहेर पडलेला नसतो.

तुझ्या पाठोपाठ भीती येते आणि श्वास आणखी उथळ होतो. तुला टाळायला माणूस आधी बाजार सोडतो, मग अंगण. पायांचे स्नायू खंगतात आणि तू चार पावलांवर येऊन बसतेस. डॉक्टर तुला प्रश्न विचारून ० ते ४ अशा पट्टीवर मोजतात : सपाट रस्त्यावर शंभरेक मीटरवर थांबावं लागलं तर ३, कपडे बदलतानाही दम लागला तर ४.

तुझी पुरती हकालपट्टी होत नसेल, पण तुला आवर घालता येतो. इन्हेलर नीट शिकून घ्यावा. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडावा, पुढे झुकून बसावं, चेहऱ्यावर पंख्याचा वारा घ्यावा. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली केलेला व्यायाम तुझा जाच कमी करतो. रक्तात ऑक्सिजन पुरेसा असेल, तर सिलिंडरचा सहसा उपयोग होत नाही.

आता दोन शब्द तुझ्या यजमानांच्या घरच्यांसाठी. धाप अचानक वाढली, वाक्य पुरं बोलवेना, ओठ निळसर पडले, तर थेट रुग्णालय गाठा. एरवी ‘आकडा किती?’ याच्या आधी ‘काय करणं जड जातंय?’ असं विचारा, आणि मिळेल त्या उत्तरावर विश्वास ठेवा.