नव्वद सेकंद

टीममध्ये नवा मुलगा आला की मी एकदा तरी विचारतोच, ‘सर्व्हिस बंद कशी करशील?’ निम्मे जण छातीठोकपणे सांगतात, ‘किल मायनस नाइन.’ बंद होतेच म्हणा ती. पण जेवत्या माणसापुढचं ताट ओढण्यातला तो प्रकार.

लिनक्सवरचा सिस्टिमडी हे काम रीतीने करतो. स्टॉप म्हटलं की सर्व्हिसला आधी १५ नंबरचा सिग्नल देतो: आवर आता. मग ९० सेकंद थांबतो. तेवढ्यात आवरलं नाही तर ९ नंबर. तो कुठल्याच प्रोसेसला अडवता येत नाही. जुन्या इनिट स्क्रिप्टच्या काळात सगळी भिस्त पीआयडी फाइलवर. सर्व्हिस जायची, तिची पोरंटोरं पोर्ट अडवून बसायची. सिस्टिमडी अख्खं कुटुंब एका सीग्रुपमध्ये ठेवतो, कोणी हरवत नाही. त्याला शिव्या घालणारे आजही आहेत. मी त्यांतला नाही. एक रात्र सोडून.

त्या रात्री दोनला पॅच लावून मी डेटाबेस रिस्टार्ट केला. मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवायला त्याला पाचेक मिनिटं हवी होती, मिळाली नव्वद सेकंद. मारला गेला. पुन्हा उठला तो अर्थातच रिकव्हरी करत बसला. आता गंमत अशी, की उठायची मुदतही नव्वद सेकंदांचीच. ‘मी तयार आहे’ हा निरोप वेळेत आला नाही, म्हणून सिस्टिमडीने त्याला परत खाली घेतलं. युनिट फाइलमध्ये ‘रिस्टार्ट ऑन फेल्युअर’ मीच हौसेने लिहिलेलं, म्हणून परत उठवलं. दहा सेकंदांत पाचदा उठवून झालं की तो नाद सोडतो, हे मला ठाऊक होतं. त्या भरवशावर मी बसून राहिलो. पण इथे एकेक फेरीच दीड मिनिटाच्या वरची! ती मर्यादा लागणार कधी?

चौथ्या फेरीला डोक्यात प्रकाश पडला. स्टॉप दिला, ओव्हरराइड फाइलमध्ये दोन्ही मुदती ‘इन्फिनिटी’ केल्या, डिमन-रीलोड, स्टार्ट. प्रॉम्प्ट परत येईना. जर्नलच्या ओळी सरकताना बघत बसलो, दोन्ही हात कीबोर्डपासून लांब, चुकून कंट्रोल-सी दाबलं जाईल या धास्तीने. दाबलं असतं तरी काही बिघडलं नसतं. त्याने फक्त आपलं वाट बघणं थांबतं, आतलं काम चालूच राहतं. हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.